स्टॅम्पिंगला गेलेला गुरुजी

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आमच्या ऑफिसात मीटिंग रूमच्या दाराबाहेर बुटांची रांग लागलेली असते. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, आत सत्यनारायण चालू आहे. प्रत्यक्षात आत कोणीतरी भिंतीवर लाल-हिरवे चौकोन दाखवत असतं आणि आम्ही मोजे घातलेले पाय कार्पेटवर पसरून ते बघत असतो. ही पद्धत कोणी सुरू केली असं विचारलं, की टीममधले सगळे एकदम बोलायला लागतात आणि मीटिंग राहते बाजूला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

त्याला आम्ही गुरुजी म्हणायचो. मूळचा नागपूरचा, अंगाने काटकुळा, भांग शाळेतल्या फोटोसारखा पाडलेला. हुद्द्याने सॉफ्टवेअर टेस्टर. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढण्याचा पगार मिळणारा माणूस. माझ्या पुण्यात हे काम लोक फुकट करतात. मी त्याची मॅनेजर, म्हणून तो मला मॅडम म्हणायचा, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, मुख्याध्यापिकेची टिंगल चालली आहे. आणि हा माणूस थायलंडमधल्या भातशेतीच्या एका गावात बिनपगारी इंग्रजी शिकवून परत आलेला होता. येताना तिथल्या मुलांना त्याने एक शब्द देऊन ठेवला होता, आणि तो पाळायचा तर ही नोकरी, ही अमेरिका, सगळंच पणाला लागणार होतं. हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. आधी दिसले ते बूट.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याने मीटिंग रूमच्या दारात बूट काढले. तिथल्या शाळेत वर्गाबाहेर चपला काढायची पद्धत, तीच सवय लागलेली. मी म्हटलं, "अरे, हे ऑफिस आहे." तो म्हणाला, "मॅडम, आत जाऊन आपण काही शिकणारच नसू तर घालतो."

मी पण काढले. मग आमचा मुंबईकर डेव्हलपर, ज्याच्या चुका काढण्यात गुरुजीचा अर्धा जन्म गेला, त्यानेही कुरकुरत काढले. दोन आठवड्यांत रांग लागायला लागली. एका रिलीजच्या आदल्या दिवशी आमचा डायरेक्टर, सहा फुटांच्या वरचा गोरा माणूस, न सांगता आला आणि दारातच थबकला. त्याने मला हळूच विचारलं, "इज समबडी प्रेइंग?" मी म्हटलं, उद्या रिलीज आहे, सगळेच करतायत. त्याने मुकाट्याने आपले बोटीएवढे बूट काढून रांगेत ठेवले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. तो मीटिंगभर त्या अंगठ्यावर दुसरा पाय ठेवून बसला आणि एकदाही आवाज चढवला नाही. पुढच्या वेळी नवे मोजे घालून आला, त्यांवर बदकं होती. "बूट काढलेल्या माणसाला ओरडता येत नाही," हे गुरुजीचं वाक्य त्या दिवसापासून आमच्याकडे नियम म्हणून चालतं.

दुसरी सवय जेवणाची. त्या गावात म्हणे कोणी भेटलं की कसा आहेस विचारत नाहीत, जेवलास का विचारतात. आपल्याकडेही विचारतातच, पण आपण उत्तराची वाट बघत नाही. गुरुजी बघायचा. सकाळच्या मीटिंगमध्ये कालचं काम सांगायच्या आधी काय खाल्लं ते सांगायचं. "काल रात्री आमटीभात, आणि लॉगिनचे तीन बग," असे रिपोर्ट सुरू झाले. टेक्सासमधल्या आमच्या क्लायंटबाईंना त्याने पहिल्यांदा फोनवर "हॅव यू ईटन?" विचारलं तेव्हा पलीकडे एवढी शांतता पसरली की मला वाटलं, काँट्रॅक्ट गेलं. मग बाई म्हणाल्या की खरं सांगायचं तर सकाळपासून काही खाल्लेलं नाही. पुढे पुढे त्या मीटिंगच्या आधीच आपल्या डब्याचा फोटो पाठवायच्या. गुरुजीचं म्हणणं एवढंच, की उपाशी माणसाचं एस्टिमेट चुकतं.

आता हा तिकडे पोचला कसा, ते सांगायला हवं. तो पोचला एका चुकीने, आणि ती चूक आमच्यासारख्या व्हिसावाल्यांनीच करावी अशी होती. आमच्या व्हिसाची गंमत अशी की अमेरिकेत राहायचा कागद वेगळा आणि अमेरिकेत शिरायचा शिक्का वेगळा. आत आहात तोवर कागदावर भागतं. एकदा का बाहेर पडलात, की पासपोर्टवर शिक्का मारून घेतल्याशिवाय परत येता येत नाही. त्याला आम्ही स्टॅम्पिंग म्हणतो. त्या काळात कोणीतरी शोध लावला होता की भारतात तारीख मिळत नसेल तर थायलंडला जावं. सकाळी मुलाखत, दुपारी समुद्र, आठवड्याभरात पासपोर्ट हातात. निम्मं ऑफिस असं जाऊन काळं होऊन आलं होतं. पुढेमागे बाहेर जायची सोय असावी म्हणून गुरुजीही गेला. बरोबर एक छोटी बॅग, तिच्यात दोन शर्ट, पोहायची चड्डी आणि चिवडा.

बँकॉकला खिडकीपलीकडून त्याला सांगण्यात आलं की आणखी तपासणी करावी लागेल, झाली की कळवू. किती दिवस लागतील? ते सांगता येत नाही.

शहाणा माणूस नागपूरला गेला असता. पण घरी आईने मुली बघून ठेवल्या होत्या. व्हिसा अडकलाय म्हणजे पोरगा रिकामा आहे, आणि रिकामा आहे म्हणजे मुली बघायला मोकळा आहे, हा तिचा हिशोब त्याला पाठ होता. म्हणून त्याने बँकॉकहूनच आईला फोन केला आणि अमेरिकेत सुखरूप पोचलो म्हणून सांगितलं.

मग तो विहारात जाऊन बसला. घर बौद्ध, लहानपणापासूनची सवय, काही सुचेनासं झालं की विहारात जाऊन बसायचं. तिथे त्याच्या शेजारी एक थाई भन्ते येऊन बसले. ते शिकायला काही वर्षं गयेला राहिलेले, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा बरं. त्यांनी विचारलं, "खाना खाया?" हा म्हणाला, नाही. त्यांनी खाऊ घातलं. मग विचारलं, "अंग्रेज़ी आती है?" हा म्हणाला, येते. भन्ते म्हणाले, "तो चलो."

गुरुजी सांगायचा, "मॅडम, एका आठवड्यात दोन इंटरव्ह्यू झाले. एकात वीस प्रश्न विचारले अन् निकाल नाही. दुसऱ्यात दोनच विचारले अन् लगेच गाडीत बसवलं." इकडे आम्ही त्याला बिनपगारी रजेवर टाकलं होतं. तिकडे तो बिनपगारी कामाला लागला.

शाळा लाकडी, चहूकडे भाताची शेतं. याला थाई येत नव्हतं आणि मुलांना इंग्रजीतली एबीसीडी सोडून काही येत नव्हतं. ती त्यांनी याच्या आधीच म्हणून दाखवली आणि आता पुढे काय, म्हणून सगळा वर्ग हात जोडून बघत राहिला. तेवढ्यात एक कुत्रा आत शिरला आणि कोणाचा तरी डबा तोंडात धरून निघून गेला. गुरुजीला टेस्टिंग सोडून जगात दुसरं काही येत नाही. टेस्टर चूक सापडली की ठरावीक तऱ्हेने मांडतो: एक्स्पेक्टेड, म्हणजे काय व्हायला हवं होतं, आणि अ‍ॅक्चुअल, म्हणजे प्रत्यक्षात काय झालं. त्याने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, एक्स्पेक्टेड: बॉय ईट लंच. अ‍ॅक्चुअल: डॉग ईट लंच. चित्रंही काढली. वर्ग हसून लोळला, आणि त्या गावाच्या इंग्रजीचं जे व्हायचं ते होऊन बसलं.

कारण मुलांना हे प्रकरण भलतंच आवडलं. जगात जे व्हायला हवं ते कधी होत नाही, हे कुठल्याही मुलाला माहीतच असतं. ते सांगायची सोय कोणी करून दिलेली नसते. महिन्याभरात पोरं गावभर चुका काढत हिंडायला लागली. एक्स्पेक्टेड: रेन. अ‍ॅक्चुअल: नो रेन. स्टेटस: ओपन. म्हणजे काम अजून बाकी आहे. पाऊस पडला की सगळी मिळून ओरडायची, "क्लोज्ड."

या सगळ्यांची म्होरकी पाचवीतली एक मुलगी होती. तिचं घरचं नाव कुंग, म्हणजे कोळंबी. तिथे सगळ्यांना अशी घरची नावं असतात, कोणी डुक्कर, कोणी बेडूक, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. गुरुजीने आपण संत्र्यांच्या गावचे आहोत असं सांगितल्यावर गावाने त्याचं नावही संत्रं ठेवून टाकलं. ही कोळंबी म्हणजे टेस्टर म्हणून जन्माला आलेली. एके दिवशी तिने भर प्रार्थनेच्या रांगेत हात वर करून सांगितलं, "एक्स्पेक्टेड: हेडमास्टर कम एट ओ'क्लॉक. अ‍ॅक्चुअल: हेडमास्टर स्लीप." हेडमास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तिची पाठ थोपटली.

गावात सकाळी भोंग्यावर बातम्या व्हायच्या. गावाचा जो मुख्य, आपण त्याला पाटील म्हणू, तो आधी एक गाणं लावायचा, मग भाताचा भाव, मग कोणाची म्हैस सुटली, आणि शेवटी मास्तरांचा व्हिसा. "आजही आला नाही," असं तो रोज सांगायचा. सगळ्या शिवारात ऐकू जायचं. मग पुन्हा गाणं. इकडे मी कंपनीच्या वकिलाला फोन करून करून थकले होते आणि तिकडे अख्खं गाव सकाळच्या चहाबरोबर याचं स्टेटस ऐकत होतं. आईचे फोनही नेमके त्याच वेळी यायचे.

"काहून रे, तुह्या अमेरिकेत कोंबडा आरवून राहिला?"

"आई, अमेरिकेत पण कोंबडे असतात."

"अन् हे भोंग्यावर कोण बोलून राहिलं?"

"इलेक्शन आहे."

एका सकाळी पाटलाने भाव सांगितला, म्हैस सांगितली आणि मग म्हणाला, मास्तरांचा व्हिसा आला. त्या दिवशी त्याने शेवटचं गाणं लावलं नाही, भोंगा नुसताच बंद केला. हे सांगताना गुरुजी दर वेळी उठून पाणी प्यायला जायचा.

दुसऱ्या दिवशी गावाने त्याला धागे बांधले. कोणी दूर निघालं की तिथे मनगटाला पांढरा दोरा बांधतात, माणसाचा जीव माणसातच राहावा, वाटेत भटकू नये म्हणून. आमच्या गुरुजीला त्यात नवल वाटलं नाही, कारण नागपूरलाही विहारात रक्षणासाठी परित्राण पाठ झाला की असाच पांढरा दोरा हाताला बांधतात. फक्त इथे अख्खं गाव रांगेत उभं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. शेवटी कोळंबी आली. तिने दोरा हातात धरला, पण बांधेना. टीचर परत येणार का, ते आधी सांगा म्हणाली. याने पुढचं-मागचं न बघता सांगितलं, येईन, तुम्ही सहावी पास व्हाल तेव्हा निरोपाला येईन. त्या शाळेत सहावीनंतर मुलं पांगतात, कोणी शहरातल्या मोठ्या शाळेत, कोणी कामाला. कोळंबीने मान हलवली, "एक्स्पेक्टेड: टीचर कम. स्टेटस: ओपन," असं म्हणत गाठ मारली, आणि ती दातांनी घट्ट केली.

ते दोरे कात्रीने कापायचे नसतात, आपोआप गळू द्यायचे असतात. ऑफिसात तो तसाच आला. रिसेप्शनवरच्या बाईला वाटलं, दोन्ही हात भाजलेत. पुढे ते करडे झाले, मग काळपट, कीबोर्डवर त्यांचे तुकडे पडायला लागले. एकेक करून सगळे गळले. कोळंबीचा तेवढा गळेना.

पुढे तो आठवड्यातून एकदा त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचा. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची दुसऱ्या दिवसाची सकाळ, त्यामुळे तो ऑफिस सुटल्यावर मीटिंग रूममध्येच बसायचा, आणि हळूहळू आम्हीही बसायला लागलो. मुलं एकमेकांच्या डोक्यावरून कॅमेऱ्यात घुसायची. आम्ही काय खाल्लं ते विचारायची. आणि कॉल संपता संपता कोळंबी पुढे येऊन न चुकता सांगायची, "टीचर कम: ओपन." आम्ही हसायचो. तो हसायचा नाही.

मुंबईकराने घोटाळा केला तो याच कॉलवर. डेव्हलपर लोकांचं एक लाडकं वाक्य आहे. टेस्टरने चूक दाखवली की ते म्हणतात, "वर्किंग अ‍ॅज डिझाइन्ड." म्हणजे ही चूक नाही, आम्ही हे मुद्दाम असंच केलंय. याच्यापुढे टेस्टरला बोलता येत नाही. गुरुजी या वाक्याचा जन्माचा वैरी. हे जगातलं सगळ्यात लबाड वाक्य आहे असं तो म्हणायचा, आणि त्याच्या मुलांना त्याने ते चुकूनही शिकवलं नव्हतं. एकदा गुरुजी पाणी प्यायला गेला असताना मुंबईकर कॅमेऱ्यासमोर सरकला आणि त्याने ते वाक्य मुलांकडून घोकून घेतलं. गुरुजी परत आला.

"होमवर्क कुठे आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "वर्किंग अ‍ॅज डिझाइन्ड, टीचर."

गुरुजी मुंबईकराकडे वळला. "बे, तू लहान पोरं नासवून राहिला."

"यार, मी फक्त डिफेन्स शिकवला. तुझ्यासमोर कोणालातरी लागतो."

पुढचे दोन दिवस गुरुजीने सगळ्यांना जेवलात का विचारलं आणि मुंबईकराला विचारलं नाही. मुंबईकर खरंच अस्वस्थ झाला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच सांगत आला, की मी सँडविच खाल्लंय, कोणाला ऐकायचं असेल तर.

मार्च जवळ आला. तिकडे मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपतं. गुरुजीने माझ्याकडे रजा मागितली. मी त्याला पार्किंग लॉटमध्ये नेलं, कारण आत बूट काढलेले असतात आणि मला ओरडायचं होतं.

"तुला कळतंय ना काय करतोयस? मागचा शिक्का संपलाय, बाहेर पडलास की पुन्हा नवा लागणार. मागच्या वेळी अडकलास. या वेळी अडकलास तर कंपनी थांबणार नाही, मी सांगूनही थांबणार नाही."

"कळते ना मॅडम."

"ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यात आहे. सगळं मुसळ केरात जाईल."

"हो ना."

"मग पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षीही सहावीचा निरोप असेलच."

"असेल ना. पण ते पोरं दुसरे असतील."

मला फार राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली होती, पण मॅनेजरने घाबरून चालत नाही, म्हणून राग आला. मी म्हटलं, व्हिडिओवर बस, एरवी बसतोसच की. त्याने बाही वर केली. कोळंबीचा दोरा आता धाग्यासारखा उरला होता. "हे व्हिडिओवरून बांधता येत नाही मॅडम," तो म्हणाला. थंडी मरणाची होती.

"जेवलायस का?" मी विचारलं.

"नाही."

आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन डोसे खाल्ले, आणि मी त्याची रजा मंजूर केली.

निघायच्या दिवशी त्याने मीटिंग रूममध्ये सगळ्यांच्या हाताला पांढरा दोरा बांधला. मुंबईकर म्हणाला, "यार, जाणारा तू आहेस. आम्हाला कशाला?" गुरुजी म्हणाला, "दोन्हीकडून बांधावं लागते बे. नाही तर अर्धा जीव इकडेच फिरत राहते." डायरेक्टरने काही न विचारता आपलं जाडजूड मनगट पुढे केलं. दोरा पुरेना, दोन जोडून बांधावे लागले.

निरोपाचा कार्यक्रम आम्ही माझ्या घरी बसून बघितला. मी पोहे केले होते. सगळ्यांनी बूट सवयीने बाहेर काढले होते, डायरेक्टरनेसुद्धा, बदकांचे मोजे. स्क्रीनवर शाळेचं मैदान, झेंडा, रांगेत उभी मुलं, आणि रांगेच्या टोकाला आमचा गुरुजी, घामाने निथळत, हात कोपरापर्यंत पुन्हा पांढरे. त्याला तिथे बघून मला इतका आनंद झाला की मीच उठून टाळ्या वाजवायला लागले, अजून काही सुरूही झालं नव्हतं.

मग कोळंबी पुढे आली. वर्षभरात चांगली उंच झाली होती. तिने माइक हातात घेतला. "एक्स्पेक्टेड: टीचर कम," ती म्हणाली. "अ‍ॅक्चुअल: टीचर कम." आणि थांबली. गुरुजीने त्यांना शिकवलेलं होतं, की स्वतः तपासल्याशिवाय काहीही क्लोज करायचं नाही. माइक हातातच ठेवून ती चालत त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याच्या दंडाला असा सणसणीत चिमटा काढला की तो मैदानाच्या मध्यात नागपुरी भाषेत ओरडला. भोंग्यावरून सगळ्या शिवारात गेलं. "क्लोज्ड," कोळंबी म्हणाली, आणि सगळी शाळा ओरडली, "क्लोज्ड." पार्सिपनीत आमच्या घरातही सगळे तेच ओरडत होते. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. पोहे गार झाले.

आणि मग मी ज्याची भीती घातली होती तेच झालं. या वेळी बँकॉकला सांगितलं गेलं की तुम्ही आपल्या देशात जाऊन अर्ज करा. तो नागपूरला गेला. तारीख मिळाली ती फार पुढची, आणि ती आली तेव्हा आणखी पुढे गेली. कंपनीने जागा बंद केली. त्याला तो फोन मीच केला, दुसऱ्या कोणी करावा असं मला वाटत नव्हतं. मी काय बोलायचं ते ठरवून घेतलं होतं, पण प्रत्यक्षात नागपूरचं हवामान विचारत बसले. पलीकडून तो म्हणाला, "मॅडम, जेवल्या का?"

आईला त्याला आता सगळंच सांगावं लागलं. ती अडकलेल्या व्हिसावर चिडली नाही, गेलेल्या नोकरीवरही नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तो कोंबडा थायलंडचा होता?" ते तिला फार लागलं होतं. पुढे हेडमास्तरांनी रीतसर कागदपत्रं करून त्याला शाळेत पगारी मास्तर म्हणून बोलावलं. आई त्याला समजावून परत आणायला म्हणून मागोमाग गेली आणि पावसाळाभर राहिली. पाटलाच्या बायकोला तिने तर्री करायला शिकवली. आता सकाळच्या भोंग्यावर व्हिसाच्या जागी मास्तरांचं लग्न असतं. "आजही ठरलं नाही," असं पाटील सांगतो.

परवा आम्ही मीटिंग रूममधून त्याला फोन लावला. बूट बाहेर, क्लायंटबाईंच्या डब्याचा फोटो भिंतीवर. कोळंबी आता शहरातल्या मोठ्या शाळेत आहे, पण शनिवारी गावी येऊन बारक्यांना इंग्रजी शिकवते, ती त्याच्या मागे काहीतरी चिकटवत बसली होती. मला एकदम त्याची इतकी आठवण आली, तो समोर दिसत असतानाही, की मी त्याच्याच टेस्टिंगच्या इंग्रजीत तक्रार केली. "गुरुजी, एक्स्पेक्टेड: पार्सिपनी. अ‍ॅक्चुअल: भाताचं शेत. हे कधी दुरुस्त होणार?"

त्याने तोंड उघडलं, पण कोळंबीने मान वर न करता आधीच उत्तर दिलं.

"नॉट अ डिफेक्ट, मॅडम. वर्किंग अ‍ॅज डिझाइन्ड."

मुंबईकर उभा राहिला आणि त्याने स्क्रीनला हात जोडून नमस्कार केला. या एका वाक्याशी जन्मभर भांडलेला गुरुजी स्क्रीनवर उभा होता, अनवाणी, हाताला दोरे. तो नुसता हसत होता. मग म्हणाला, "क्लोज करा मॅडम."

मी केलेलं नाही. माझ्याकडे ते अजून ओपन आहे.